फॉर्म तिसऱ्या पानावर अडतो, म्हणून लगेच नवीन वेबसाइट घेऊ नका



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून एक मुद्दा घाईत सांगून पुढे गेलो. तो इथे नीट मांडतो, कारण त्यात तुमचे पैसे अडकू शकतात. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. तुम्हाला जावा शिकायची नाहीये. तुमच्या वेबसाइटवरचा फॉर्म मध्येच अडायला लागला तर मालक म्हणून तुम्ही काय करायचं, एवढंच बघायचंय.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या एका जुन्या बॅचमधल्या ताईंचा फोन आला. सांगलीकडे त्यांचा शाळेच्या गणवेशांचा व्यवसाय आहे. पाच शिलाई मशीन, एक कटिंग मास्तर, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीचे तीन-चार आठवडे म्हणजे अख्ख्या वर्षाची कमाई. ऑनलाइन ऑर्डर घ्यायला त्यांनी दोन वर्षांपूर्वी वेबसाइट करून घेतली होती. त्यात चार पानांचा फॉर्म. पहिल्या पानावर पालकाचं नाव आणि मोबाइल. दुसऱ्यावर शाळा, इयत्ता आणि काय काय हवं त्या खुणा: रोजचा ड्रेस, पीटीचा ड्रेस, स्वेटर, टाय-बेल्ट. तिसऱ्या पानावर मुलाची मापं. चौथ्यावर पत्ता आणि पैसे.

ताई म्हणाल्या, "सर, रोज दहा-बारा पालकांचे फोन येतायत. मापं भरून 'पुढे' दाबलं की परत पहिलं पान येतं, कोरं. लोक वैतागून दुकानात येतात, नाहीतर दुसरीकडे जातात. वेबसाइट करणारा म्हणतो, हे जुनं झालंय, नवीन करावं लागेल, सत्तर हजार. देऊ का?"

मी विचारलं, "नक्की काय बिघडलंय, हे त्याने सांगितलं का?"

"नाही. आधी म्हणाला पालकांचं नेट स्लो आहे. मग म्हणाला सिस्टिम जुनी आहे."

इथेच माझं मत सांगून टाकतो. काय बिघडलंय हे कळल्याशिवाय नवीन वस्तूचे पैसे द्यायचे नाहीत. शेतातली मोटर पाणी उचलत नाही म्हणून कोणी त्याच दिवशी नवीन मोटर आणत नाही. आधी फूट व्हॉल्व्ह बघतात, पाइपात हवा धरली आहे का बघतात, व्होल्टेज बघतात. जो शेतकरी मोटरीला एवढे प्रश्न विचारतो, त्याचाच मुलगा उद्योजक झाला की वेबसाइटपुढे हात जोडून का उभा राहतो?

## फॉर्म मध्येच कोरा का होतो?

आधी हे समजून घेऊ. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं विसराळू असतं. तुम्ही एक पान पाठवलं, सर्व्हरने उत्तर दिलं, संपलं. पुढचं पान आलं की ते त्याच माणसाकडून आलंय, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही.

म्हणून 'सेशन' नावाची सोय असते. देवळाबाहेरचा चप्पल-स्टँड आठवा. तुम्ही चपला दिल्या, त्याने तुम्हाला टोकन दिलं आणि चपला त्या नंबरच्या खणात ठेवल्या. ब्राउझरला सर्व्हर असंच एक टोकन देतो, त्याला कुकी म्हणतात. तुम्ही पहिल्या पानावर भरलेली माहिती सर्व्हर त्या नंबरच्या खणात ठेवतो. दुसऱ्या पानाबरोबर टोकन आलं की तोच खण उघडतो.

ताईंची वेबसाइट 'स्ट्रट्स' नावाच्या जावा फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीवर बांधलेली होती. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा, ज्यावर डेव्हलपर आपलं काम उभं करतो. क्रेग मॅक्लॅनहन यांनी स्ट्रट्स लिहायला सुरुवात केली, २००० साली ते अपाचे प्रकल्पाकडे आलं आणि २००१ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. त्या काळी जावामध्ये वेबसाइट करणाऱ्या असंख्य लोकांनी ते वापरलं. ताईंच्या डेव्हलपरने एका जुन्या प्रवेश-अर्जाच्या कामातला तयार सांगाडा उचलून त्यावर गणवेशाचा फॉर्म बसवला होता. यात गैर काही नाही, आपणही जुन्या पॅटर्नवर नवीन कपडा कापतोच. फक्त पॅटर्न कुणाच्या मापाचा होता, हे बघायला हवं.

स्ट्रट्समध्ये फॉर्मची माहिती एका डब्यात राहते, त्याला 'ॲक्शन फॉर्म' म्हणतात. हा डबा फक्त एका विनंतीपुरता ठेवायचा की सेशनभर ठेवायचा, हे डेव्हलपर ठरवतो. अनेक पानांचा फॉर्म असेल तर तो सेशनभर लागतो. शिवाय प्रत्येक पानाला एक नंबर देता येतो. तिसरं पान आलं की स्ट्रट्सची तपासणी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाचे रकाने तपासते, चौथ्याला हात लावत नाही. मांडणी चांगली आहे. मग घोळ कुठे झाला?

## एक संध्याकाळ, एक वही

मी ताईंना म्हटलं, डेव्हलपरला दुकानात बोलवा. भांडायला नाही, बघायला. आणि ज्यांना त्रास झाला त्यातल्या एखाद्या पालकांनाही बोलवा.

संध्याकाळी तो मुलगा आला. चांगला, कष्टाळू मुलगा. बसल्याबसल्या त्याने लॅपटॉपवर फॉर्म भरून दाखवला. नाव 'अबक', मोबाइल एकापाठोपाठ एकसारखे दहा आकडे, छाती २६, उंची ११०, पुढे, पुढे, पुढे. दीड मिनिटात ऑर्डर पूर्ण. "बघा ताई, चालतंय."

मग त्या पालक बाई बसल्या, आपल्या मोबाइलवर. पहिलं पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्या पानावर मापं आली तसा त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "घरी टेप कुठे असते लगेच हाताशी? शोधायची. पोरगं खेळायला गेलेलं असतं, त्याला बोलवायचं. ते उभं राहत नाही सरळ. मध्येच कुकरची शिट्टी होते." असं त्या सांगत होत्या आणि आम्ही मुद्दामच त्यांना सांगितलं, घरी लागतो तेवढा वेळ घ्या. वीस मिनिटांनी त्यांनी मापं भरून 'पुढे' दाबलं. पहिलं पान आलं, कोरं. वर लाल अक्षरात: पालकाचे नाव भरा.

त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्याच्या लगेच लक्षात आलं होतं. त्याने फाइल उघडली. सेशनची मुदत १० मिनिटं लावलेली होती. टॉमकॅट सर्व्हरवर ही मुदत मुळात ३० मिनिटांची असते. त्या जुन्या प्रवेश-अर्जाच्या कामात कुणीतरी ती कमी केली होती आणि तशीच इथे आली. १० मिनिटांत एकही पान पाठवलं नाही की सर्व्हर खण रिकामा करणार. मग तिसरं पान आलं की सर्व्हर नवीन, रिकामा डबा काढणार, नियमाप्रमाणे पहिल्या पानाचे रकानेही तपासणार, ते रिकामे दिसणार, आणि पालकांना पहिल्या पानावर परत पाठवणार.

स्ट्रट्स त्याला सांगितलेलं काम करत होतं. पालकांचं नेटही स्लो नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्याला तो भरायला दीड मिनिट लागतं आणि आईला वीस मिनिटं लागतात, हे दोन वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं.

## मग वहीत आणखी तीन गोष्टी आल्या

त्या संध्याकाळी मी एक साधा नियम केला होता. जे होईल ते वहीत लिहायचं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एक दोष सापडला म्हणून थांबलो नाही, आणि बरं झालं.

काढलेली खूण निघत नव्हती. पालकांनी आधी स्वेटरवर खूण केली, मग किंमत बघून मागे येऊन ती काढली. तरी ऑर्डरमध्ये स्वेटर आलाच. याचं कारण मजेशीर आहे. खूण नसलेल्या चौकटीबद्दल ब्राउझर सर्व्हरला काहीच पाठवत नाही. 'नको' असाही निरोप जात नाही. सेशनमधल्या डब्यात आधीचं 'हवं' तसंच पडून राहतं. यासाठी स्ट्रट्समध्ये 'रीसेट' नावाची जागा दिलेली आहे: नवीन पान डब्यात ओतण्याआधी चौकटी 'नको'वर आणायच्या. ती जागा आमच्या फॉर्ममध्ये रिकामी होती.

त्याने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. सगळ्या चौकटी दर वेळी 'नको'. आम्ही वहीतल्या पायऱ्यांनी पुन्हा फॉर्म भरला, तर आता नवीनच गंमत: तिसरं पान पाठवलं की दुसऱ्या पानावरच्या सगळ्या खुणा गायब. कारण रीसेट प्रत्येक पानाला चालतो, आणि तिसऱ्या पानाबरोबर त्या चौकटी येतच नाहीत. बरोबर उपाय असा की आत्ता कुठलं पान आलंय ते बघायचं आणि फक्त त्या पानावरच्याच चौकटी 'नको' करायच्या. ही दुसरी चूक त्याच संध्याकाळी सापडली, कारण दुरुस्तीनंतर आम्ही सगळं पुन्हा पहिल्यापासून भरून बघितलं. नाहीतर ती पालकांना सापडली असती.

दोन भावंडांची मापं मिसळत होती. हा दोष सगळ्यात महाग. दोन मुलं असलेली आई दोन टॅब उघडते, एकात मोठ्याची ऑर्डर, दुसऱ्यात धाकट्याची. दोन्ही टॅबना टोकन एकच, म्हणजे खण एकच, डबा एकच. शेवटी भरलेलं आधीच्यावर बसतं. मोठ्याच्या नावावर धाकट्याची मापं. मागच्या वर्षी ताईंकडे अशा काही ऑर्डर परत आल्या होत्या. त्यांनी कटिंग मास्तरांना बोल लावला होता. मास्तरांनी वही दाखवून सांगितलं होतं की मला आलेल्या मापाप्रमाणेच कापलंय. ते खरं बोलत होते. तीस वर्षं कात्री चालवणाऱ्या माणसाने सेशन नावाच्या गोष्टीपायी बोलणी खाल्ली. ताई त्या संध्याकाळी उठून आत गेल्या आणि त्यांना सांगून आल्या.

एका ऑर्डरच्या दोन ऑर्डर. पान हळू चालतंय म्हणून लोक बटण दोनदा दाबतात. यावर स्ट्रट्समध्ये तयार सोय आहे: फॉर्म दाखवताना एक एकदाच चालणारी पावती जोडायची, आणि पान परत आलं की ती पावती तपासून रद्द करायची. दुसऱ्यांदा तीच पावती आली तर ऑर्डर घ्यायची नाही. सोय होती, वापरली नव्हती.

## "हे डेव्हलपरचं काम आहे, मालकाचं नाही"

असं तुमच्यातले काही जण म्हणतील. माझ्या ओळखीचे यशस्वी व्यावसायिकही म्हणतात, मालकाने धंद्यावर लक्ष द्यावं, तांत्रिक कटकट त्या माणसावर सोडावी. मला हे अर्धंच पटतं.

दुरुस्ती करणं डेव्हलपरचं काम आहे, मान्य. पण फॉर्म भरणारी आई टेप शोधायला उठते, हे कोण सांगणार? तिला दोन मुलं असतात, ती दोन्हीची ऑर्डर एकदम करते, हे कोण सांगणार? गिऱ्हाईक डेव्हलपरने कधी बघितलेलंच नसतं. तुम्ही रोज बघता. फॉर्म म्हणजे तुमचा काउंटर आहे, आणि काउंटरवर माणूस कसा वागतो ही माहिती धंद्याचीच आहे.

दुसरं असं, की आपली तक्रारच बहुतेक वेळा कामाची नसते. "फॉर्म चालत नाही" असं व्हॉट्सॲपवर पाठवलं तर समोरचा माणूस काय करणार? तो स्वतः भरून बघणार, दीड मिनिटात भरणार, आणि म्हणणार, माझ्याकडे चालतंय. दोघंही खरं बोलतात आणि काम अडून राहतं. त्याऐवजी हे पाच मुद्दे पाठवा:

१. कोण, कशावर: मोबाइल की कॉम्प्युटर, कुठला ब्राउझर, किती वाजता.
२. काय केलं: कुठल्या क्रमाने, मध्ये किती वेळ गेला, मागे गेलात का, दुसरा टॅब उघडा होता का.
३. काय व्हायला हवं होतं.
४. काय झालं: स्क्रीनचा फोटो काढा, लाल अक्षरातली ओळ जशीच्या तशी लिहा.
५. पुन्हा तसंच केलं तर पुन्हा तसंच होतं का? तीनदा करून बघा.

पाचवा मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे. जो बिघाड पुन्हा घडवून दाखवता येतो तो अर्धा दुरुस्त झालेला असतो. ताईंच्या दहा-बारा फोनमधून जे दोन वर्षांत निघालं नाही, ते एका वहीतून एका संध्याकाळी निघालं.

## दुरुस्ती काय केली, आणि तिची किंमत

मुदत १० वरून ६० मिनिटं केली. पण नुसती मुदत वाढवणं पुरेसं नाही. फार वाढवली तर सर्व्हरवर खण साठत जातात, आणि कुणी नेट कॅफेमधून फॉर्म अर्धवट सोडून उठलं तर पुढच्या माणसाला त्याची माहिती दिसू शकते. म्हणून खरी दुरुस्ती दुसरी केली. प्रत्येक पान आलं की ते तिथल्या तिथे डेटाबेसमध्ये 'कच्ची ऑर्डर' म्हणून लिहायचं, तिला स्वतःचा नंबर द्यायचा, आणि तो नंबर पुढच्या पानाबरोबर न्यायचा. मग सेशन संपलं तरी माहिती जात नाही, आणि दोन टॅबमधल्या दोन ऑर्डरी दोन नंबरांवर वेगळ्या राहतात. मात्र दुसऱ्याची कच्ची ऑर्डर नुसता नंबर बदलून कुणाला उघडता येऊ नये, म्हणून तो नंबर अंदाजाने सापडणार नाही असा लांबलचक ठेवायचा.

पैसे भरायच्या आधी सगळी ऑर्डर एका नजरेत दाखवणारा भाग टाकला: मुलाचं नाव, मापं, नग, किंमत. आणि दिवसा सर्व्हर बंद-चालू करायचा नाही, बदल रात्री करायचे, असं ठरलं, कारण त्या वेळी कुणाचा अर्धवट फॉर्म उडू शकतो.

तीन दिवसांचं काम झालं. ताईंनी त्याचे ९ हजार रुपये दिले. काही जण म्हणाले, चूक त्याची होती तर पैसे का? माझं मत विचाराल तर दिले ते बरोबर केलं. सेशनची मुदत न बघणं ही त्याची चूक होती. पण आपला फॉर्म दोन वर्षांत एकदाही गिऱ्हाइकासारखा भरून न बघणं ही ताईंची होती, आणि त्या ते मोकळेपणाने म्हणाल्या. शिवाय मे अखेरीस रात्री जागून काम करणारा माणूस तुम्हाला पुढच्या मे महिन्यातही लागणार आहे.

## मग जुनं तसंच चालवायचं का?

नाही. आणि इथे त्या मुलाच्या बोलण्यातही तथ्य होतं, ते नाकारणं अन्याय होईल.

स्ट्रट्सच्या पहिल्या आवृत्तीची देखभाल अपाचेने २०१३ मध्येच अधिकृतपणे बंद केली. म्हणजे त्यात उद्या एखादं भगदाड सापडलं तर बुजवणारं कुणी नाही. देखभाल चालू असली तरी आपण सुस्त राहिलो तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. स्ट्रट्सच्या दुसऱ्या आवृत्तीत मार्च २०१७ मध्ये एक गंभीर दोष जाहीर झाला आणि त्याच वेळी दुरुस्तीही उपलब्ध झाली. इक्विफॅक्स या मोठ्या क्रेडिट कंपनीने ती एका ठिकाणी वेळेवर बसवली नाही. मे महिन्यात त्यातून चोर शिरले, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने ते जाहीर केलं. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दुरुस्ती फुकट होती. ती बसवायला कुणी गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, आपण कुठे एवढे मोठे? बरोबर. पण ताईंच्या फॉर्ममध्ये लहान मुलांची नावं, शाळा आणि घरचे पत्ते आहेत. आपल्याकडेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. पालकांनी विश्वासाने दिलेली माहिती ही उधारीवर आणलेल्या मालासारखी असते, ती जपायची जबाबदारी आपली.

म्हणून ताईंनी ठरवलं: हा हंगाम दुरुस्त केलेल्या फॉर्मवर काढायचा आणि दिवाळीनंतर नवीन आणि देखभाल चालू असलेल्या फ्रेमवर्कवर जायचं. हा खर्च मी टाळायला सांगत नाही. पण दोन परिस्थितींत फरक बघा. मे अखेरीस घाईघाईत सत्तर हजार दिले असते तर तोच मुलगा तीच समजूत घेऊन नवीन फॉर्म बांधणार होता. नवीन फ्रेमवर्कमध्येही सेशन असतं, त्यालाही मुदत असते. नव्या फॉर्ममध्येही आई टेप शोधायला उठली असती आणि परत आल्यावर तिला कोरं पान दिसलं असतं. आता तिच्या कामाची यादी वहीत आहे, आणि नवीन काम त्या यादीवर होणार आहे.

## तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल तर

तुमची वेबसाइट अजून झालीच नसेल तर माझं मत आणखी सडेतोड आहे: अनेक पानांचा फॉर्म बांधूच नका. पहिल्या शंभर ऑर्डरी व्हॉट्सॲप बिझनेसवर किंवा एखाद्या तयार फॉर्मवर घ्या. त्यात तुम्हाला कळेल की लोक काय विचारतात, कुठे थांबतात, काय विसरतात. मग ठरवा कुठले रकाने खरंच लागतात. पालकांचा ईमेल तुम्ही कधी वापरणार आहात का? नाही ना, मग विचारू नका. आमच्या वहीतल्या यादीवरून ताईंनी सात रकाने काढून टाकले, आणि नवीन फॉर्म चारऐवजी दोन पानांचा होणार आहे. एक पान कमी झालं की तिथले बिघाडही गेले.

आणि ज्या दिवशी वेबसाइट करायला द्याल, त्या दिवशी एवढं कागदावर घ्या. डोमेन आणि होस्टिंग तुमच्या नावावर. सोर्स कोड तुमच्याकडे. काम सुरू झाल्यावर तीन महिने दोषदुरुस्ती त्याच किमतीत. कुठलं फ्रेमवर्क, कुठली आवृत्ती आणि तिची देखभाल चालू आहे का, हे लेखी. आणि शेवटचा हप्ता तुमच्या दोन खऱ्या गिऱ्हाइकांनी तुमच्यासमोर फॉर्म भरून दाखवल्यावरच.

ताईंचा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला होता. फॉर्मच्या तक्रारी बंद झाल्यात असं त्या म्हणाल्या नाहीत. अजून एखादा येतो, पण आता वहीत जातो. मागच्या वर्षीचे चुकीच्या मापाचे सहा ड्रेस त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवलेत. विकले जाणार नाहीत, पण असू देत म्हणाल्या.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. आज रात्री तुमचाच फॉर्म तुमच्याच मोबाइलवर उघडा. खरं नाव, खरा पत्ता भरा. अर्ध्यावर पोहोचलात की मोबाइल ठेवा आणि निवांत जेवायला बसा. जेवण झाल्यावर हात धुऊन या आणि 'पुढे' दाबा. काय होतं ते वहीत लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.